घरचा टीव्ही, दुकानाचं बिल आणि महिन्याचा डेटा: आधी मोजा, मग बोला



आज विषय थोडा वेगळा आहे. नेहमी आपण स्टॉक, उधारी, जीएसटी, ग्राहक याबद्दल बोलतो. आज बोलायचंय घरातल्या टीव्हीबद्दल आणि त्यावर चालणाऱ्या व्हिडिओबद्दल. "याचा धंद्याशी काय संबंध?" असं वाटत असेल तर दोन मिनिटं थांबा. माझं एक गिऱ्हाईक यामुळं गेलंय. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे मी माझ्या वडिलांना चारचौघांत बोललो.

साताऱ्यात खाली दुकान आणि वर घर, असा आमचा संसार आहे. स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे आमचा सीझन. चोपड्या, रोजमेळ, खातेवह्या, कंपन्यांची गिफ्टची ऑर्डर, सगळं एकदम येतं. घरात आणि दुकानात मिळून एकच वायफाय, महिन्याला १००० जीबीची मर्यादा. घेताना मला वाटलं होतं, १००० जीबी कोण संपवतंय?

संपले. सायकलच्या बाविसाव्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाला, दुकानात पाऊल ठेवायला जागा नसताना. स्पीड एकदम खाली आला. बिलिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवर, ते गोल गोल फिरायला लागलं. कार्डचं मशीन वायफायवर, ते पण अडकलं. साउंडबॉक्स तेवढा बोलत होता, कारण त्याचं स्वतःचं सिम असतं. कोरेगावचे एक व्यापारी ७,८०० रुपयांचा माल काउंटरवर काढून उभे होते. पंधरा मिनिटं थांबले आणि "राहू द्या, पुढं बघतो," म्हणून निघून गेले.

मी तडक जिन्यावरून वर गेलो. टीव्ही चालू, त्यावर मंदिराचं लाइव्ह दर्शन, आणि समोर अण्णा खुर्चीत डुलक्या घेत होते. माझं डोकं फिरलं. दुकानातली दोन पोरं जिन्यात उभी होती, आई स्वयंपाकघरात होती, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दिवसभर ते लावून ठेवता म्हणून आमचा धंदा बसलाय!"

अण्णा एवढंच म्हणाले, "आरं, मी कुठं बघतोय? आवाज असला की बरं वाटतं." आणि टीव्ही बंद केला. पुढचे चार दिवस त्यांनी तो लावलाच नाही.

## हिशेब काढला, आणि चोर घरातच सापडला

तुम्हाला मी प्रत्येक बॅचमध्ये सांगतो की, अंदाजावर माणूस काढू नका, आधी आकडे बघा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी आकडे नंतर बघितले. सीझन संपल्यावर राउटरचं ॲप उघडलं. कोणत्या डिव्हाइसनं किती डेटा खाल्ला, ते त्यात दिसतं. एक आठवडा रोज वहीत टिपलं. बावीस दिवसांचं चित्र साधारण असं निघालं:

- दुकानातले दोन सीसीटीव्ही कॅमेरे, चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग: सुमारे ४७५ जीबी
- माझा फोन, ट्रेनिंगसाठी शूट केलेल्या ४के व्हिडिओंचा आपोआप बॅकअप: सुमारे २५० जीबी
- अण्णांचा टीव्ही: सुमारे १७५ जीबी
- बाकी सगळे फोन, लॅपटॉप, बिलिंग: उरलेले १०० च्या आसपास

म्हणजे ज्यांना मी बोललो, त्यांचा वाटा पाचव्या भागापेक्षा कमी. जवळजवळ पाऊण वाटा माझा स्वतःचा: माझे कॅमेरे, माझे व्हिडिओ. आणि बिलिंग, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते तर चिल्लर निघालं.

म्हणून हा लेख. तुमच्या घरात असं होऊ नये.

## एक सूत्र पाठ करा

इंटरनेटचा स्पीड मोजतात एमबीपीएसमध्ये आणि डेटा मोजतात जीबीमध्ये. दोन्हींना जोडणारं सूत्र सोपं आहे:

१ एमबीपीएसचा व्हिडिओ एक तास चालला की साधारण ४५० एमबी जातात.

बस्स. ५ एमबीपीएसचा व्हिडिओ असेल तर तासाला सव्वादोन जीबी. माझे कॅमेरे प्रत्येकी साधारण १ एमबीपीएसनं पाठवत होते. बघायला गेलं तर किरकोळ. पण दोन कॅमेरे गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला २१.६ जीबी आणि महिन्याला जवळपास ६५० जीबी. उधारीसारखंच आहे हे. रोज थोडी थोडी जाते म्हणून दिसत नाही.

आता बघण्याचा हिशेब. नेटफ्लिक्सनं स्वतः दिलेला अंदाज असा आहे: साध्या क्वालिटीत तासाला १ जीबीपर्यंत, एचडीत ३ जीबीपर्यंत, ४केमध्ये ७ जीबीपर्यंत. मोबाइल ॲपमध्ये तर फरक अजून मोठा. 'सेव्ह डेटा' निवडलं तर १ जीबीत सुमारे सहा तास बघता येतं. 'मॅक्सिमम डेटा' निवडलं तर तोच १ जीबी वीस मिनिटांत उडू शकतो. सिनेमा तोच, स्क्रीन तीच, फक्त एका सेटिंगमुळं अठरा पट फरक! दुकानात एखाद्या मालात अठरा पट फरक असता तर आपण झोपलो असतो का?

## मर्यादा तीन प्रकारच्या असतात

१. मोबाइलची रोजची मर्यादा. दिवसाला १, १.५ किंवा २ जीबी. जुन्या माणसांना आठवत असेल, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं त्याच्या आधी १ जीबी महिनाभर पुरवायचो आणि त्याला अडीचशेच्या आसपास मोजायचो. तिथून आपण 'रोज एवढे जीबी' या सवयीवर आलो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर पुन्हा सगळ्यांना पॅकचा विचार करावा लागतोय. रोजच्या पॅकमध्ये उरलेला डेटा सहसा उद्याला जात नाही. आणि संपला की बऱ्याच पॅकमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. त्यात मेसेज जाईल, नशीब असेल तर यूपीआय होईल, पण व्हिडिओ विसरा.

२. घरच्या कनेक्शनची महिन्याची मर्यादा. जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात 'एफयूपी' लिहिलेलं असतं, म्हणजे रास्त वापराची मर्यादा. ती ओलांडली की नेट बंद होत नाही, हळू होतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. आधी किमान ५१२ केबीपीएस होतं, आता किमान २ एमबीपीएस. २ एमबीपीएसमध्ये एक टीव्ही साध्या क्वालिटीत चालेल, पण त्याच वेळी दोन कॅमेरे वर पाठवत असतील तर तुमचं बिलिंग रांगेत शेवटी उभं राहील. कनेक्शन घेताना एकच प्रश्न विचारा, "एफयूपी किती आणि नंतर स्पीड किती?" उत्तर लेखी घ्या. केबलवरच्या आणि हवेतून येणाऱ्या कनेक्शनची मर्यादा वेगळी असू शकते, ते पण विचारा.

३. स्क्रीनची मर्यादा. प्लॅनप्रमाणे एका वेळी एक, दोन किंवा चार स्क्रीन. ही डेटाची नाही, सबस्क्रिप्शनची मर्यादा. दोन्हींची गल्लत करू नका.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, क्वालिटी कमी केली म्हणून आभाळ कोसळत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा नेटवर्कवर ताण येऊ नये म्हणून देशातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र ठरवून मोबाइल नेटवर्कवर ४८०पीच्या वर व्हिडिओ द्यायचा नाही असं केलं होतं, १४ एप्रिलपर्यंत. आपण सगळ्यांनी तसंच बघितलं. कोणाचं काही अडलं नाही. माझे ट्रेनिंगचे व्हिडिओ तर ३६०पीवरच बघा. फळ्यावरचे आकडे दिसले म्हणजे झालं, माझा चेहरा काय एवढा बघण्यासारखा नाही!

## "हा व्हिडिओ तुमच्या भागात उपलब्ध नाही"

आता दुसरं दुखणं. सांगलीच्या रविवारच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, मुलगी अमेरिकेत आहे. माझ्याच ॲपचा पासवर्ड दिला तरी तिला मराठी मालिका दिसत नाहीत. पैसे तर मी भरलेत!"

याचं उत्तर तुम्हाला डिस्ट्रिब्युटरच्या भाषेत देतो. तुम्ही बिस्किटांची डिस्ट्रिब्युटरशिप घेतली, एरिया कराड. तुमचा टेम्पो तासगावात माल टाकू शकतो का? नाही. तिथं दुसऱ्यानं पैसे भरलेत. सिनेमाचा धंदा पहिल्यापासून असाच चालतो. आपल्याकडं सिनेमाचे हक्क सर्किटवर विकले जायचे. मुंबई सर्किट वेगळं, सीपी बेरार वेगळं, निजाम वेगळं. आज तेच चाललंय, फक्त सर्किटच्या जागी देश आलेत. भारतातल्या ॲपकडं भारताचे हक्क असतात. अमेरिकेचे हक्क दुसऱ्या कंपनीकडं, नाहीतर त्याच कंपनीच्या वेगळ्या दराच्या सेवेकडं. क्रिकेटचं तर पक्कं असंच आहे. तुम्ही कोणत्या देशात आहात ते ॲप तुमच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखतं आणि शटर खाली ओढतं.

देशाच्या आत मात्र तसं नाही. आपल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलीत. त्यांच्या घरी कोइमतूरला असो की अमृतसरला, मराठी ॲप इथल्यासारखंच चालतं. अडचण सीमेच्या पलीकडं गेल्यावर.

मग उपाय काय?

पहिला: परदेशातल्या मुलाला किंवा मुलीला तिथल्या देशात मिळणारी सेवा घ्यायला सांगा. आपले बरेच मराठी-हिंदी ॲप परदेशासाठी वेगळं सबस्क्रिप्शन देतात. दर जास्त असतो, पण चालतं.

दुसरा: प्रवासाला जाण्याआधी डाउनलोड करा. काही डाउनलोड तिकडं गेल्यावरही चालतात, काही अडतात. जाण्याआधी ॲपच्या मदत पानावर बघा.

तिसरा, जो सगळे विचारतात: व्हीपीएन. व्हीपीएन वापरणं आपल्याकडं बेकायदा नाही. बऱ्याच कंपन्या ऑफिसच्या कामासाठी वापरतात. पण दुसऱ्या देशातले व्हिडिओ उघडायला वापरणं हे बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही, आणि त्या अडवतातही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याचा नियम केला. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आणि फुकटचा व्हीपीएन तर अजिबात नको. ज्या फोनवर तुमचं बँकेचं ॲप आहे, त्या फोनचं सगळं ट्रॅफिक अनोळखी माणसाच्या हातात कशाला द्यायचं? दोनशे रुपये वाचवायला गल्ल्याची किल्ली देण्यासारखं आहे ते.

चौथा, जो करायचाच नाही: टेलिग्रामवरचे चोरीचे सिनेमे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ ला दुरुस्ती झाली. सिनेमाची चोरून कॉपी काढणं आणि ती पसरवणं याला किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. ग्रुपवर लिंक फॉरवर्ड करणाऱ्यांनी नीट वाचा.

## सातारा एक घर, सांगली दुसरं घर

ही सीमा आता देशादेशांपुरती राहिलेली नाही. आमची सासुरवाडी सांगलीची, विश्रामबागला. आमच्या नेटफ्लिक्सचा पासवर्ड तिकडं होता. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं भारतात सांगून टाकलं की एक अकाउंट एका घरासाठी. सासूबाईंच्या टीव्हीवर सूचना यायला लागली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, काहीतरी जुगाड बघा की." मी म्हटलं, जुगाड बघण्यापेक्षा हिशेब बघू. आमच्या सबस्क्रिप्शनची यादी केली, तर तीन ॲप अशी निघाली की जी दोन महिन्यांत कोणी उघडलीच नव्हती. ती बंद केली आणि त्याच पैशात सांगलीच्या घरी त्यांना हवं असलेलं एक ॲप घेऊन दिलं. मोबाइलवरच बघणाऱ्यांसाठी स्वस्त प्लॅन असतात, घरात एकट्यालाच बघायचं असेल तर तेवढा पुरतो.

एक सूचना खास दुकानदारांना. घरचं सबस्क्रिप्शन दुकानात, हॉटेलात, सलूनमध्ये गिऱ्हाइकांसाठी लावू नका. ते घरगुती वापरासाठीच दिलेलं असतं. दुकानात गाणी वाजवायची असतील तर त्याचा परवाना वेगळा असतो. आयपीआरएस, पीपीएल या संस्थांची नावं ऐकली नसतील तर नोटीस येण्याआधी ऐकून ठेवा.

## सात वाजताचा भोंगा

डेटाची मर्यादा कंपनी घालते. पण वेळेची मर्यादा? ती आपणच घालायची असते, आणि आपल्याच भागातल्या एका गावानं ती घालून दाखवलीय. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. लॉकडाउनमध्ये पोरांचे वर्ग मोबाइलवर झाले, शाळा पुन्हा सुरू झाल्या तरी मोबाइल हातातून सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं: संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला जे लावायचं ते लावू दे. देशभरातल्या बातम्यांत ते गाव आलं.

यातली मला आवडलेली गोष्ट कोणती सांगू? नियम सगळ्यांना सारखा. पोराला 'अभ्यास कर' सांगून बाप मालिका बघतोय, असं नाही. धंद्यातही तेच. मालक उशिरा येणार आणि कामगाराला वेळेवर या म्हणणार, हे चालत नाही.

## आमच्या घरी काय बदललं

आता कामाचं. हे सगळं एका रविवारी दोन तासांत झालं, तुम्हीही करू शकता:

१. कॅमेरे: चोवीस तासांचं क्लाउड रेकॉर्डिंग बंद. रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर, आणि हालचाल झाली तरच छोटी क्लिप क्लाउडवर. सगळ्यात मोठी बचत इथं झाली.

२. फोनचा बॅकअप: मोठे व्हिडिओ आपोआप वर जाणं बंद केलं. शूट १०८०पीमध्ये, कच्चे व्हिडिओ हार्ड डिस्कवर. काही जण सांगतात बॅकअप रात्री लावा. स्पीडसाठी ते ठीक, पण मर्यादा महिन्याची असेल तर रात्री काय आणि दिवसा काय, डेटा तेवढाच जातो.

३. टीव्ही: प्रत्येक ॲपमध्ये क्वालिटी 'ऑटो' वरून काढून ठरावीक केली. ऑटो म्हणजे 'जेवढा स्पीड तेवढं ओढा'. ऑटोप्ले बंद.

४. बिलिंगला वेगळी वाट: दुकानासाठी छोट्या पॅकचं एक वेगळं सिम डोंगलमध्ये कायम तयार. वायफाय गेलं तरी बिल थांबणार नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टर असतो, तसा हा नेटचा इन्व्हर्टर.

५. दर रविवारी नोंद: वापर किती झाला, ते गल्ल्याच्या वहीत एका ओळीत. १० तारखेला अर्धा संपलेला दिसला तर २२ ची वाट बघायची गरज नाही.

पाटण, जावळीकडं रेंज धड नसते, तिथल्या मंडळींनी अजून एक करा: बाजाराच्या दिवशी शहरात आलात की वायफायवर डाउनलोड करून घ्या, घरी निवांत बघा. जतकडून येणारे आपले एक सभासद माझी ट्रेनिंगची मालिका अशीच पूर्ण करतात.

पुढच्या महिन्यात आमचा वापर साडेचारशे जीबीच्या आत आला. अण्णांचा टीव्ही त्यात धरून.

आणि हो, अण्णा. वहीतला हिशेब घेऊन मी वर गेलो आणि त्यांना आकडे दाखवले. "अण्णा, चूक माझी होती. डेटा माझ्या कॅमेऱ्यांनी खाल्ला." ज्या दोन पोरांसमोर बोललो होतो, त्यांनाही वर बोलावलं होतं. अण्णांनी चष्मा लावला, पान नीट वाचलं. पस्तीस वर्षं त्यांनी हाच गल्ला सांभाळलाय. म्हणाले, "हे आधी बघायचं असतं रं. मग माणसाला बोलायचं." आणि जरा थांबून, "आता लावू का दर्शन?"

मी स्वतः लावून दिलं. क्वालिटी तेवढी ४८०पी केली. मूर्ती स्वच्छ दिसते, काही फरक पडत नाही.

तर मंडळी, या रविवारचा गृहपाठ: राउटरचं ॲप उघडा, सगळ्यात जास्त डेटा खाणारे तीन डिव्हाइस वहीत लिहा. घरात कोणाला काही बोलायचं असेल तर ते लिहून झाल्यावर बोला. बहुतेक वेळा बोलायची गरजच उरणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा जपा, माणसं जपा!